डोळा हलला की तार हलते

जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली छापलेल्या ग्रंथाच्या लांबलचक नावात दोन आकडे आहेत : अठरा अंश तीन मिनिटे आणि चोवीस अंश सात मिनिटे. या दोन अक्षांशांच्या दरम्यान रेखावृत्ताचा जो तुकडा येतो त्याच्या मोजणीचा हा वृत्तान्त. पहिला आकडा बिदरजवळच्या दामरगिद्याचा, दुसरा माळव्यात सिरोंजजवळच्या कल्याणपूरचा. मधली रेषा ७७ अंश ४० मिनिटे पूर्व रेखांशाच्या आसपास चालते. आजच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहा. देगलूर डाव्या हाताला राहते, बिलोली उजव्या हाताला. भोकर आणि हदगाव जवळजवळ पट्टीखालीच येतात आणि पुढे उमरखेड लागते. नांदेड जिल्ह्याचा पूर्वेकडचा सगळा पट्टा त्या दोन आकड्यांच्या पोटात आहे. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासलेखनात गुरू गोविंदसिंग आहेत, निजाम आहे, मुक्तिसंग्राम आहे. या रेषेला मात्र फारशी जागा मिळालेली नाही.

ती ओढायला सुरुवात केली विल्यम लॅम्टनने. १८०२ साली मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजून तो निघाला, १८१५ मध्ये बिदरजवळ दुसरी एक पायारेषा त्याने साखळीने मोजली, आणि तिथून मांजरा-गोदावरी ओलांडत वऱ्हाडात एलिचपूरच्या बाजूला टाकळखेड्यापर्यंत त्रिकोणांची माळ नेली. अक्षांशांतला फरक तीन अंशांहून थोडा जास्त, म्हणजे जमिनीवर सुमारे ३३७ किलोमीटर. पुढे नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्या वेळी त्याचा मदतनीस एव्हरेस्ट दामरगिद्याच्या बाजूने मुंबईच्या दिशेने, म्हणजे आजच्या बिदर-लातूर-सोलापूर पट्ट्याकडे, त्रिकोणांची दुसरी, आडवी माळ नेण्याच्या कामावर होता. ते सोडून त्याला उभ्या रेषेचा भार उचलावा लागला.

या सगळ्या उद्योगाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. हात लांब करून अंगठा धरा, एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकलेला दिसतो. तो किती सरकला आणि दोन डोळ्यांत अंतर किती, हे कळले की अंगठा किती लांब आहे ते काढता येते. पायारेषेची दोन टोके म्हणजे हेच दोन डोळे, फक्त काही मैलांच्या अंतरावर ठेवलेले. आपल्या ज्योतिषग्रंथांत याला लंबन म्हणतात. सूर्यग्रहणाच्या गणितात ते टाळता येत नाही, कारण चंद्र जवळ आणि सूर्य लांब. पाहणारा कुठे उभा आहे त्यावर ग्रहणाची वेळ बदलते. चंद्राचे क्षितिजावरचे लंबन त्याच्या दैनंदिन गतीच्या पंधराव्या हिश्श्याइतके, म्हणजे चार घटिकांत तो जेवढा चालतो तेवढे, असे आपल्या गणितज्ञांनी धरले होते. तो आकडा सुमारे ५३ कला येतो. आजचा सरासरी आकडा ५७ कलांचा आहे. दुर्बीण नसताना इतके जवळ पोचणे ही लहान गोष्ट नाही. भौतिकशास्त्राची मराठी पुस्तके याच गोष्टीला पराशय म्हणतात. मला जुना शब्द जास्त आवडतो.

हे झाले दुर्बिणीबाहेरचे लंबन. दुर्बिणीच्या आतही एक लंबन असते आणि ते चोर आहे.

दुर्बिणीतून नेम धरायचा तर आत एक खूण हवी. १६४० च्या सुमारास इंग्लंडात विल्यम गॅस्कॉइन या तरुणाच्या उघड्या राहिलेल्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ओढला, आणि डोळा लावल्यावर तो धागा लांबच्या चित्राइतकाच स्वच्छ दिसला. ही हकिकत खुद्द गॅस्कॉइनने पत्रात लिहून ठेवली आहे. पुढचे भिंग लांबच्या वस्तूचे चित्र नळीत ज्या पातळीत उमटवते, नेमक्या त्याच पातळीत तो धागा पडला होता. थोडा पुढे किंवा मागे पडता तर अस्पष्ट दिसला असता आणि गॅस्कॉइनने तो पुसून टाकला असता. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. धागा मात्र टिकला. पुढे शंभर-दीडशे वर्षे थिओडोलाइटच्या दुर्बिणीत खरोखर कोळ्याचाच धागा बसवीत. तुटला तर बेचक्याच्या काडीवर नवा गुंडाळून आणायचा आणि लाखेच्या रोगणाने चिकटवायचा.

धागा आणि चित्र एका पातळीत नसतील तर डोळा जरा वर-खाली केला की धागा चित्रावरून सरकतो. यंत्र जागचे हललेले नसते, टेकडीवरचा झेंडाही हललेला नसतो. पाहणाऱ्याची मान हललेली असते. म्हणजे कोन आता यंत्राचा राहिला नाही, पाहणाऱ्याच्या मानेचा झाला. एका विकलेची चूक चाळीस किलोमीटरवर सुमारे १९ सेंटिमीटर होते. ती एका त्रिकोणात शिरली की पुढच्या त्रिकोणाची बाजू तिच्यावरच उभी राहते. बाहेर ज्या लंबनावर सगळे गणित उभे, तेच आत शिरू द्यायचे नाही, असा हा प्रकार.

लातूरला तंत्रनिकेतनात मी एकोणतीस वर्षे सर्वेक्षण शिकवले. लंबन म्हणजे काय आणि ते कसे घालवाल, हा प्रश्न परीक्षेत ठरलेला, आणि उत्तर पोरे पाठ करून लिहीत. त्याचा अर्थ मला एका माजी विद्यार्थ्याच्या निमित्ताने पुन्हा नीट सांगावा लागला. तो हवेची रायफल घेऊन घरी आला. तिच्यावर दुर्बीण होती. म्हणाला, "सर, दहा मीटरवर गोळ्या एका जागी बसतच नाहीत. दुर्बीणच खराब दिसते." नळी रिकामी आहे ना ते आधी पाहिले. मग ओसरीत ज्वारीच्या अर्ध्या भरलेल्या पिशवीवर रायफल पक्की बसवली आणि परसातल्या भिंतीवर काळा ठिपका काढलेला कागद लावला. हात न लावता त्याला म्हटले, आता फक्त डोके हलव. फुली ठिपक्याच्या या कडेवरून त्या कडेपलीकडे गेली.

दुर्बीण खराब नव्हती. अशा साध्या दुर्बिणी कारखान्यातून शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात, म्हणजे तेवढ्या अंतरावरचे चित्रच फुलीच्या पातळीत पडते. दहा मीटरवरचे चित्र फुलीच्या मागे, डोळ्याच्या बाजूला पडते. पुढचे भिंग चाळीस मिलिमीटरचे असेल तर हिशोबाने चूक जास्तीत जास्त १८ मिलिमीटरपर्यंत जाते. ऑलिंपिकमधल्या दहा मीटर रायफलच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, यावरून काय ते समजा. महागड्या दुर्बिणीला बाजूला यासाठीच चकती असते. याच्या दुर्बिणीला ती नव्हती. तेव्हा आधी डोळ्याकडचे भिंग पांढऱ्या भिंतीकडे धरून फुली काळीभोर दिसेपर्यंत फिरवले, कारण हे पहिले न केल्यास पुढचे सगळे वाया जाते. मग पुढच्या भिंगाची अडकण-चकती सैल केली आणि भिंग थोडेथोडे बाहेर फिरवत गेलो. दर वेळी डोके हलवून पाहायचे. फुली ठिपक्याला चिकटली तेव्हा चकती आवळली. नळीत धुके धरू नये म्हणून भरलेला नायट्रोजन असे केल्याने निसटू शकतो आणि पावसाळ्यात भिंग आतून ओले होते, हेही त्याला आधीच सांगितले होते. "होऊ द्या सर," म्हणाला.

त्या दिवशी एक गोष्ट मला नव्याने जाणवली. लॅम्टनला हा त्रास आपल्या पोरांइतका नव्हता. त्याचे थिओडोलाइट अर्ध्या टनाचे, छत्तीस इंची चक्राचे. त्याची निशाणे कित्येक कोसांवर. इतक्या लांबची चित्रे सगळी एकाच पातळीत पडतात, त्यामुळे एकदा जुळवले की टेकडीमागून टेकडी तेच चालते. रोज, दर वेळी, दहा पावलांवर आणि शंभर पावलांवर भिंग फिरवावे लागते ते गावच्या मोजणीदाराला. दुर्बिणीतून नेम धरणाऱ्या शिकाऱ्याचीही तीच गत. कंपनीच्या हिंदुस्थानी फौजेत नोकरी केलेल्या डेव्हिडसन नावाच्या लेफ्टनंट कर्नलने रायफलवर बसणारी दुर्बीण तयार केली; ती अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी व्हिटवर्थ रायफलींवर वापरली. मोजणी आणि नेमबाजी ही एकाच भिंगाची दोन अपत्ये आहेत.

नांदेडच्या टेकड्यांवर तर ती दोन्ही एकाच काळात वावरली. लॅम्टनचे त्रिकोण या मुलखातून जाण्याच्याच वर्षांत, जानेवारी १८१९ मध्ये, नांदेडच्या उत्तरेला नोव्ह्याच्या गढीला वेढा पडला होता. आत नौसाजी नाईकांचे हाटकर, बाहेर निजामाच्या चाकरीतली पण इंग्रज अंमलदारांनी चालवलेली फौज. महिनाअखेर गढी पडली. अशा मुलखात साहेबाने टेकडीवर नळी रोखली तर खालच्या गावाने काय समजावे? त्या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते. बायका उलट्या दिसतात, अशा समजुतीवरून झालेल्या कुरबुरी मोजणीच्या इतिहासात येतात. इंग्रज लेखक त्या हसण्यावारी नेतात. मला तसे करवत नाही. नळी आपल्यावर रोखलेली असताना ती मोजायला रोखली की मारायला, हे समोरच्याला कळायचे कसे?

आणि त्या नळीमागचे सगळे डोळे साहेबांचे नव्हते. निशाणाचे झेंडे धरणारे, रात्री दिवे लावून टेकडीवर बसणारे, ते अर्ध्या टनाचे धूड खांद्यावरून चढवणारे खलाशी इथलेच. नावे उरली ती थोडी. कोन सोडवणाऱ्यांपैकी कलकत्त्याचे राधानाथ सिकदार सगळ्यांना माहीत आहेत. यंत्रे दुरुस्त करणारे अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन त्या मानाने विस्मृतीत गेले. मूळचे जवाहिऱ्याचे काम करणारा हा माणूस हेन्री बॅरो या इंग्रज कारागिराच्या हाताखाली आला आणि १८४३ मध्ये त्याच्या जागी खात्याचा यंत्रकार झाला. सोन्यात खडा बसवणारी बोटे तार भिंगासमोर बसवायला उपयोगी पडली असणार, असे मला वाटते.

लॅम्टनच्या साखळीवर एव्हरेस्टचा पुरेसा विश्वास उरला नव्हता. म्हणून बिदरची पायारेषा १८४१ साली अँड्र्यू वॉने पुन्हा मोजली, या वेळी कोल्बीच्या दांड्यांनी. पितळ आणि लोखंड जोडून केलेल्या या दांड्या उन्हात लांबत नाहीत. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीड्रिख बेसेलने पृथ्वीच्या आकाराचे आपले आकडे प्रसिद्ध केले. त्यांत हिंदुस्थानच्या कंसाची मोजणी जमेस धरली होती. हा तोच बेसेल, ज्याने तीन वर्षांपूर्वी एका ताऱ्याचे लंबन पहिल्यांदा खात्रीने मोजले होते : विकलेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढे. त्यासाठी त्याची पायारेषा होती पृथ्वीच्या कक्षेची रुंदी. एव्हरेस्टचे १८३० चे आकडे तर भारताच्या टोपोशीटमध्ये एकविसाव्या शतकापर्यंत पाया म्हणून राहिले. जुनी टोपोशीट हाती आली तर भोकर-हदगावकडच्या टेकड्यांवर लहान त्रिकोण काढलेले शोधा. मधोमध टिंब असते, शेजारी उंचीचा आकडा.