सज्जनगडची शिंदळ माकुडी

साताऱ्याचा बोगदा ओलांडून परळीच्या वाटेस लागले म्हणजे थोड्याच वेळात सज्जनगडाचा कातळ समोर उभा राहतो. समर्थांच्या समाधीच्या दर्शनास निघालेल्या भाविकांची दृष्टी साहजिकच वर, दरवाज्याकडे लागलेली असते. तटाखालच्या उभ्या कड्यांकडे पाहण्याचे त्यांस काही प्रयोजन नसते. परंतु याच कड्यांच्या कपारींतून बोटाएवढ्या जाडीची, राखट हिरव्या रंगाची, मांसल खोडे लोंबत असतात, आणि श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास त्यांवर गर्द तांबड्या, जवळजवळ रक्तवर्णी पाकळ्यांची व पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुले उमलतात. हिचे देशी नाव शिंदळ माकुडी. या नावातील पहिल्या शब्दाचा लौकिक अर्थ शिष्टजनांच्या सभेत उच्चारण्याजोगा नाही, आणि आमचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ स्नेही विद्यार्थिनींच्या वर्गापुढे हे नाव घेताना नेहमी एकदा खाकरतात. डोंगरातल्या माणसांनी ते दिले आहे, आणि त्यांचे कारण त्यांस ठाऊक.

शास्त्रीय जगात या वनस्पतीचा प्रवेश १८६४-६५ च्या सुमारास झाला. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचा प्रमुख निकल अलेक्झांडर डॅलझेल याने लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. डॅलझेलने अलेक्झांडर गिब्सन याच्या साहाय्याने रचलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ सालीच बाहेर पडला होता. त्यात हिचा समावेश नाही. नवी वनस्पती पाहून डॅलझेल चकित झाला असला पाहिजे. कारण तिच्या जातभाईंना, म्हणजे आपल्या माळरानावर आढळणाऱ्या माकडशेंगेसारख्या वनस्पतींना, म्हणण्यासारखी पाने नसतात. खोडच पानाचे काम करते. शिंदळ माकुडीला मात्र पावसाळ्यात चांगली रुंद, मांसल पाने फुटतात. फूल जातभाईंचे आणि पाने परक्याची, असा हा प्रकार. तेव्हा डॅलझेलने तिच्यासाठी स्वतंत्र कुळीच निर्माण केली आणि तिला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर याचे नाव दिले: फ्रेरिया इंडिका.

आता वाचकांस वाटेल की, वरिष्ठाची मर्जी संपादण्याचा हा नेहमीचा प्रकार. तसे असेलही. फ्रेअर १८६२ पासून १८६७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता आणि डॅलझेल त्याच्या हाताखालचा अधिकारी होता. परंतु आम्हां सातारकरांस या नावात दुसरेच काही दिसते. हाच फ्रेअर १८४७ साली साताऱ्याच्या दरबारात रेसिडेंट म्हणून आला होता. प्रतापसिंह महाराजांस १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले होते व त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर होते. १८४८ च्या एप्रिलमध्ये आप्पासाहेब निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तो दत्तक मान्य करावा की राज्य खालसा करावे, हा प्रश्न कंपनी सरकारपुढे आला, तेव्हा फ्रेअरने दत्तकाच्या बाजूने आपले मत नोंदविले. त्याचा उपयोग झाला नाही. डलहौसीने निकाल उलट दिला, १८४९ साली राज्य खालसा झाले, आणि ज्याने विरोध केला त्याच फ्रेअरला नव्या मुलखाचा कमिशनर म्हणून कारभार हाकावा लागला. १८५० साली तो सिंधेत गेला. विरोध नोंदवून पुढे आज्ञेप्रमाणे वागणाऱ्या अधिकाऱ्यास इतिहासाने किती गुण द्यावेत, हा वाद येथे नको. आमच्या मते थोडे द्यावेत, शून्य देऊ नयेत. डॅलझेलला ही वनस्पती मिळाली ती जुन्नरच्या बाजूच्या डोंगरांत. सज्जनगडावरही ती वाढते, हे नाव ठेवताना त्याच्या ध्यानीमनीही नसावे. तरीही बुडालेल्या राज्याच्या रेसिडेंटचे नाव मिरविणारी वेल त्याच राज्याच्या किल्ल्यावर लोंबत राहिली.

पुढे या नावाचीही गादी गेली. पाने असली तरी फुलाची घडण जातभाईंचीच आहे, तेव्हा स्वतंत्र कुळी कशाला, असा आक्षेप विसाव्या शतकात निघाला. गॉर्डन रौली या इंग्रज अभ्यासकाने तिला करालुमा कुळीत घातले; परंतु करालुमा इंडिका हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीने घेतलेले होते, म्हणून रौलीने फ्रेअरचे नाव कुळीच्या जागेवरून काढून जातीच्या जागी बसविले. अलीकडे आनुवंशिक द्रव्याची तुलना करून तिला बुसेरोसिया कुळीत नेले आहे, व आजचे मान्य नाव बुसेरोसिया फ्रेरेई असे आहे. आमच्याकडील पुष्कळ अभ्यासक अद्यापि सवयीने फ्रेरियाच म्हणतात. परळीच्या गुराख्यास या सर्व उलाढालींचा पत्ता नाही.

नावांचा घोटाळा फक्त विद्वानांच्याच घरी आहे असे मात्र नाही. आपण मराठी माणसे ज्यास सरसकट निवडुंग म्हणतो, त्यात दोन अगदी भिन्न घराणी एकत्र कोंबलेली आहेत. संस्कृत वैद्यकात जिला स्नुही म्हटले आहे, जिच्या चिकाचा लेप देऊन क्षारसूत्र करतात, तो निवडुंग या देशात फार पूर्वीपासून नांदतो आहे. तीनधारी निवडुंग व कुंपणाला लावतात तो शेर हे याच घराण्यातले. त्यांपैकी शेर आफ्रिकेतून आलेला. फड्या निवडुंग मात्र खास अमेरिकेचा. कोलंबसाच्या आधी तो या देशात असणे शक्यच नव्हते. पण येथे येऊन त्याने मूळ निवडुंगाचे नाव असे बळकावले की, आज शहरी मनुष्य त्याच्याच चित्राला निवडुंग म्हणतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. शेंडा किंचित मोडून पाहावा. भळभळा पांढरा चीक आला, तर स्नुहीचे घराणे. हा चीक डोळ्यांत गेल्यास भयंकर इजा करतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे. चीक न येता नुसता पाणचट रस आला, आणि काटे एकेका मऊ गादीसारख्या ठिपक्यातून झुबक्याने निघालेले असले, तर ते अमेरिकेचे पाहुणे. अशी गादी दुसऱ्या कोणत्याही घराण्यात नाही. सांगलीच्या एका रोपवाटिकेत आम्हांस 'दुर्मीळ कॅक्टस' म्हणून जे रोप भारी किमतीस विकण्यात आले, त्याचे टोक घरी खुडताच दुधाची धार लागली. परत करण्यास गेलो असता विक्रेता म्हणाला, "काटे आहेत ना? मग झालं तर!"

फड्या निवडुंगाचा इतिहासही मनोरंजक आहे. किरमिजी रंग देणारे कोचिनीलचे किडे या झाडावर पोसतात, आणि या रंगाच्या व्यापारात स्पेनने गडगंज पैसा केला होता. कंपनी सरकारास हा व्यापार हिंदुस्थानात आणावयाचा होता. १७९५ साली नीलसन नावाच्या कप्तानाने ब्राझीलहून किडे आणले. परंतु ते हलक्या जातीचे निघाले. रंगाचा व्यापार साधला नाही, उलट त्या किड्यांनी एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. दुसऱ्या जाती मात्र फोफावत राहिल्या व गावकुसाभोवतीची, ओढ्याकाठची जमीन त्यांनी गिळली. अखेरीस १९२६ साली सिंहलद्वीपातून दुसऱ्या जातीचा कोचिनील किडा मद्रास इलाख्यात आणून सोडण्यात आला. त्याने अल्पावधीत दक्षिणेतील निवडुंगाची राने साफ केली. रंगासाठी आणलेला किडा रंगाच्या कामी न येता झाड मारण्याच्या कामी आला, हा प्रकार व्यापाराच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

आता घरच्या लागवडीविषयी. दक्षिण साताऱ्याचा निराळा जिल्हा १९४९ साली झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्याचा जत, आटपाडी, कवठे महांकाळकडील मुलूख रुक्ष आणि कमी पावसाचा. मांसल वनस्पतींस अशी हवा मानवते. आमच्या सांगलीच्या गच्चीवर कोरफड, पानफुटी आणि काही निवडुंग पुष्कळ वर्षे आहेत. पानफुटी तर अशी निर्लज्ज की, तिचे गळालेले पान कोपऱ्यात पडले तरी कडांना पोरे धरते. शिंदळ माकुडीचे तसे नाही. वर उल्लेखिलेल्या स्नेह्यांनी आपल्या कुंडीतील झाडाचा एक तुकडा आम्हांस दिला, आणि बजावले की कापलेला तोंडवळा सावलीत चांगला आठवडाभर वाळू द्या, जखम सुकली म्हणजे वाळू व बारीक मुरूम यांच्या मिश्रणात लावा. तसे केले. पावसाळ्यात ते रोप असे पानावले की पाहुण्यांना मुद्दाम गच्चीवर नेऊन दाखविण्याची आम्हांस चटक लागली. कार्तिकानंतर पाने पिवळी पडून गळू लागली. घरात काळजी पसरली. पत्नी म्हणाली, "अहो, तहानलंय ते." आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. पौषात खोड हाताला मऊ लागले आणि माघात त्याचा लगदा झाला. ज्याने निसर्गतः उघड्या कातळावर उन्हाळा काढावयाचा, त्यास आम्ही मायेने बुडविले. पाने गाळणे ही त्याची रीत होती, आजार नव्हता.

या झुडुपाचे वन्य ठिकाण थोडेच आहे. जुन्नर, शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, महाबळेश्वरकडील काही कडे, अशा मोजक्या परिसरात ते आढळते. महाराष्ट्राबाहेर जगात ते कोठेही आपोआप उगवत नाही. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक संकटग्रस्त वनस्पतींच्या ग्रंथात त्याचा समावेश आहे. असे असता मौज अशी की, यूरोप-अमेरिकेतील शौकिनांच्या खिडक्यांत ते दीर्घकाळ सुखाने वाढते आहे, कारण तुकड्यापासून रोप करणे सोपे. सातारा जिल्ह्यातच, शिरवळजवळच्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रात त्याची रोपे वाढविण्याचे व ती पुन्हा डोंगरावर लावण्याचे काम झालेले आहे. तेव्हा ज्यास हौस असेल त्याने कुंडीतल्या झाडाचा तुकडा मागून घ्यावा. गडावरचा ओरबाडू नये. कडे शेळ्यांपासून काहीसे सुरक्षित आहेत, हौशी मंडळींपासून नाहीत. सज्जनगडावर आम्ही एकदा एका गृहस्थांस पिशवीत दोन लोंबती खोडे मुळासकट घालताना पाहिले. विचारता त्यांनी सांगितले की, ते निवडुंगाचे संग्राहक आहेत. पिशवीतले झाड निवडुंग नव्हेच, हे आम्ही त्यांस सांगितले. त्यावर ते जरा हिरमुसले, पण पिशवी काही त्यांनी मोकळी केली नाही.

दुसरा तुकडा स्नेह्यांनी गतवर्षी दिला. या मार्गशीर्षात त्याचीही पाने गळली आहेत. पाण्याची झारी सध्या जिन्याखाली कुलपात आहे, आणि किल्ली पत्नीपाशी नाही.