थाळनेरची लढाई (२७ फेब्रुवारी १८१८)

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली खानदेशातली चकमक. स्थळ : तापीच्या उत्तर तीरावरचे थाळनेर (ता. शिरपूर, जि. धुळे), फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह केला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख कंपनीला देऊन टाकला. तह कागदावर झाला, पण किल्ले ज्यांच्या हातात होते त्यांना तो मान्य होताच असे नाही. सर टॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याचा घाट उतरून थाळनेरसमोर आली, तेव्हा किल्लेदार तुळशीराम मामाच्या लोकांनी तिच्यावर गोळीबार केला. प्रतिकार केल्यास बंडखोर समजू, असे हिस्लॉपने किल्लेदाराला बजावले होते.

किल्ल्याची एक बाजू थेट नदीवर उभी, बाकी तिन्हींकडे खोलगट जमीन. आत शिरायची वाट एकच होती : वळणावळणाची, मध्येच पायऱ्यांची, आणि वाटेत एकामागून एक पाच दरवाजे. तोफांचा मारा झाल्यावर गोऱ्या पलटणींच्या निवडक तुकड्या त्याच वाटेने वर चढल्या. पहिले दरवाजे फारशी झुंज न होता मागे पडले. तिसऱ्यापाशी खुद्द किल्लेदारच बाहेर येऊन स्वाधीन झाला. चौथा उघडा होता, पाचवा मात्र बंद. आत अरब शिबंदी. धड कोणालाच न कळलेली बोलणी झाली, दिंडी उघडली आणि मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर व मूठभर शिपाई वाकून आत गेले. दिंडीतून एका वेळी एकच माणूस जातो. अरबांना तेवढे पुरेसे होते. दोघेही अधिकारी ठार झाले.

मागून रेटा देऊन इंग्रजांनी ती दिंडी धरून ठेवली आणि आतल्या सुमारे तीनशे लोकांची कत्तल केली. त्यांचे स्वतःचे मृत-जखमी पंचविसेक. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिले. दगा अरबांनी केला असे धरले तरी, दिंडी उघडण्याआधीच शरण आलेल्या माणसाचा त्यात काय दोष, हा प्रश्न राहतोच. १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हिस्लॉपच्या आभाराचा ठराव केला, त्या वेळीही ही फाशी वादाचा विषय झाली.

तीन महिन्यांनी, २९ मे रोजी, तेव्हा खानदेशात मोडणाऱ्या मालेगावच्या किल्ल्यावर इंग्रजांनी खिंडारातून समोरासमोर चाल केली. ती फसली. मालेगावच्या वेढ्यात त्यांचे दोनशेहून अधिक लोक मृत-जखमी झाले. तिथेही अरबच होते. पण जूनमध्ये त्यांना लेखी कौल देऊन किल्ला ताब्यात घेण्यात आला.