स्वरयंत्राच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि छेदसीमेचा प्रश्न

व्हिएन्ना येथील शल्यविशारद थिओडोर बिलरोट यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी कर्करोगाने ग्रासलेले संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकले, ही घटना वैद्यकाच्या इतिहासात विक्रम म्हणून नोंदली जाते. तिच्या आधीच्या महिन्यातील हकीकत मात्र बहुधा एका वाक्यात उरकली जाते; प्रस्तुत निबंधाचा विषय त्या हकीकतीतच आहे. रुग्ण ३६ वर्षांचा धर्मशिक्षक होता, म्हणजे आवाजावरच ज्याची उपजीविका असा मनुष्य. नोव्हेंबरात बिलरोट यांनी स्वरयंत्र मधोमध उभे चिरून केवळ दिसणारी गाठ कापून व खरवडून काढली आणि यंत्र राखले. काही आठवड्यांतच गाठ पुन्हा वाढली, तेव्हा सर्वच काढावे लागले. सहायक कार्ल गुसेनबाउर यांनी कंप पावणारी पट्टी बसवलेले कृत्रिम स्वरयंत्र सिद्ध केले व रुग्ण एकसुरी, पण कळण्याजोगे बोलू लागला. सुमारे सात महिन्यांनी तो दगावला. रोग उलटला होता.

गाठीच्या पलीकडे निरोगी भाग किती कापावा, हा प्रश्न या एकाच रुग्णाच्या बाबतीत दोनदा पडला आणि दोन्ही वेळा उत्तर चुकले. अन्य अवयवांत शंका आल्यास अधिक कापावे, असा नियम चालू शकतो. येथे तो चालत नाही. प्रौढ पुरुषाची घोषतंत्री सुमारे दोन सेंटिमीटर लांबीची. तिच्या कडेचा एखादा मिलिमीटर गेला तरी घोषाचा पोत बदलतो. ध्वनिविचाराच्या अभ्यासकास हे सांगावयास नको.

पुढील प्रगती प्रथम शस्त्राने नव्हे, वर्गीकरणाने झाली. पॅरिसमध्ये इझांबेर यांनी १८७६ मध्ये व क्रिशाबेर यांनी १८७९ मध्ये स्वरयंत्राच्या आतील आणि बाहेरील बाजूचे कर्करोग वेगळे मानले. (पहिल्यास ‘अंतःस्थ’ म्हणणे सोयीचे होते; परंतु तो शब्द आपण य, र, ल, व यांना कधीच देऊन बसलो आहोत. तेव्हा ‘अंतर्गत’ म्हणू.) घोषतंत्रीच्या कडेत लसिकावाहिन्या अत्यल्प असल्याने तेथील अंतर्गत रोग दीर्घकाळ जागच्या जागी राहतो. हे उमगल्यावर इंग्लंडमध्ये बटलिन व सेमन यांनी स्वरयंत्र चिरण्याची तीच जुनी शस्त्रक्रिया लहान, अंतर्गत गाठींपुरती पुन्हा प्रतिष्ठित केली. शस्त्रक्रियेचा आराखडा जुनाच होता. रुग्ण निवडण्याची दृष्टी मात्र बदलली होती.

जर्मन युवराज फ्रेडरिक यांचे प्रकरण याच संधिकालातील. १८८७ मध्ये बेर्गमान प्रभृती स्वरयंत्र चिरून गाठ काढण्याच्या मताचे होते. मॉरेल मॅकेन्झी यांनी आधी तुकडा काढून तपासण्याचा आग्रह धरला, फिरखो यांना तुकड्यांत कर्करोग आढळला नाही, शस्त्रक्रिया टळली. १५ जून १८८८ रोजी सम्राट म्हणून ९९ दिवस राज्य करून ते निवर्तले. शस्त्रक्रियेने ते निश्चित वाचले असते, असे म्हणणाऱ्यांनी त्या काळच्या शस्त्रक्रियांचे परिणाम एकदा पाहावेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की सूक्ष्मदर्शकाखाली आलेला तुकडा स्वतःपुरतेच सांगतो. न काढलेल्या भागाविषयी तो मुका असतो.

विसाव्या शतकात छेदसीमेचे परीक्षण रूढ झाले, तेव्हा हीच अडचण उलट बाजूने आली. काढलेल्या भागाच्या कडेवर कर्कपेशी दिसल्या तर रोग मागे राहिला, असे अनुमान स्वाभाविक वाटते. परंतु बावर, लेसिन्स्की व ओगुरा यांनी १९७५ मध्ये अर्धे स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत कड रोगयुक्त असलेल्यांपैकी १८ टक्क्यांतच पुनरुद्भव झाला होता. कड निर्दोष असलेल्यांत तो ६ टक्के होता. म्हणजे धोका तिप्पट, तरीही बहुसंख्य बचावलेले. कापलेली ऊती आक्रसते, तिची कड दबते वा भाजते. सीमा म्हणून जे वाचले जाते ते पुष्कळदा छेदाचेच कार्य असते. बोलींच्या नकाशावर रेषा ओढणाऱ्यास ही अवस्था अपरिचित नाही. उलटपक्षी, स्लॉटर व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये मुखातील कर्करोगाविषयी दाखविले की गाठीभोवतीचे दिसण्यात निरोगी आवरणही आधीच बिघडलेले असू शकते. त्या क्षेत्रातून नवी गाठ उगवली, तर ‘दुखणे उलटले’ हा आपला वाक्प्रचार लागू पडत नाही. ते दुखणेच दुसरे असते. ‘पुनरुद्भव’ या संज्ञेत हे दोन अर्थ अद्याप एकत्र नांदतात आणि आकडेवारी वाचताना घोटाळा करतात.

१९७२ मध्ये स्ट्राँग व जाको यांनी स्वरयंत्रावर लेसर किरण वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर जर्मनीत स्टाइनर यांनी मुखावाटे लेसरने मुद्दाम गाठच छेदून तिची खोली पाहण्याची व ती तुकड्यातुकड्यांनी काढण्याची पद्धती रूढ केली. गाठ अखंड काढावी या जुन्या दंडकाचा तो उघड भंग होता. बिलरोट यांनीही गाठ तुकड्यांनीच काढली होती. येथे प्रत्येक तुकड्याची कड ओळखून सूक्ष्मदर्शकाखाली जाते, हा फरक. मुखाच्या कर्करोगात पाच मिलिमीटरांहून कमी अंतराची कड साधारणतः ‘निकट’ म्हटली जाते. घोषतंत्रीवर मात्र एका मिलिमीटरची कडही अनेक शल्यविशारद पुरेशी मानतात आणि उरलेली शंका वारंवार आरसा वा दुर्बीण लावून पाहण्यावर सोपवितात.