चांदिपुरा व्हायरस

चांदिपुरा व्हायरस : ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुलातील, वालुमाशीच्या दंशाने माणसात येणारा व मुख्यत्वे पंधरा वर्षांखालील मुलांत मस्तिष्कशोथ (मेंदूचा दाह) उत्पन्न करणारा व्हायरस. अलर्क रोगाचा (पिसाळ रोगाचा) व्हायरस याच कुलातील होय. १९६५ मध्ये नागपूर भागात डेंग्यू व चिकुनगुन्या यांची साथ चालू असता तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तरसातून तो पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्रात (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) वेगळा करण्यात आला. भट्ट व रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव नागपूरजवळच्या चांदिपुऱ्याचे मिळाले, परंतु व्हायरस केवळ तेथलाच नव्हे. नायजेरियातील जाहकांतही तो आढळला आणि भारतातील पाळीव जनावरांच्या रक्तरसात त्याची प्रतिपिंडे सापडली.

प्राण्यांचा व्हायरस माणसाला बाधण्यास निव्वळ सहवास पुरत नाही. २००६ मध्ये नवापूर (नंदुरबार जिल्हा) येथे कोंबड्यांत एच५एन१ इन्फ्ल्यूएंझाची मोठी साथ आली, तरी तेथे मानवी रुग्ण निश्चित झाला नाही. पक्ष्यांचा इन्फ्ल्यूएंझा व्हायरस ज्या ग्राहींना चिकटतो ते माणसाच्या वरच्या श्वसनमार्गात विरळ, फुप्फुसात खोलवर अधिक असतात. चांदिपुरा व्हायरसाला असा अडसर नाही. कीटक व सस्तन प्राणी या दोहोंच्या कोशिकांत तो वाढतो, आणि वालुमाशी त्याला थेट रक्तात पोहोचविते. त्याच्या जननिक द्रव्यात अवघ्या पाच प्रथिनांची माहिती असते. पृष्ठभागावरील ग्लायकोप्रथिन कोशिकेत प्रवेश मिळविते. या प्रजातीतील व्हायरसांचे आधात्री प्रथिन पोषक कोशिकेची जनुकीय कार्ये दडपते. त्यामुळे इंटरफेरॉनाचा प्रतिकार दुबळा होतो.

मात्र शिरकाव व प्रसार या निराळ्या गोष्टी होत. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत असल्याचे आढळलेले नाही. माणूस ही त्याची बंद वाटच दिसते.

सौम्य तापाचा व्हायरस म्हणून जवळजवळ चार दशके तो दुर्लक्षित राहिला, हे समजण्याजोगे असले तरी महागात पडले. २००३ च्या उन्हाळ्याअखेर व पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मस्तिष्कशोथ होऊन १८३ दगावली. अनेक मुले एक-दोन दिवसांतच गेली. महाराष्ट्रातही त्या वर्षी साथ होती. २००४ व २०२४ मध्ये गुजरातेत उद्रेक झाले. विशिष्ट औषध वा लस नसल्याने उपचार लक्षणांनुसार करतात. वालुमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या आसपास राहते; म्हणून भेगा बुजविणे व कीटकनाशकाची फवारणी हेच प्रतिबंधाचे मुख्य उपाय ठरले आहेत.