चावी कुणाकडे, यादी कुणाकडे

माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत ‘चावी मिळाली का?’ या प्रश्नाला आनंदाची चव नव्हती. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तुटल्या आणि तिथल्या अनेकांना इथल्या 72 इमारतींत खोल्या मिळाल्या. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथली हवा आरोग्याला धोकादायक असल्याचं मान्य केलं. 2018 च्या अखेरीस काही कुटुंबं विद्याविहारला रस्त्यावर येऊन बसली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, की माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही.

आज अशा कुठल्याही वस्तीचं बोलणं फोनवरच्या ग्रुपवर चालतं. पाणी कधी येणार, मोर्चा किती वाजता, कुणाचे कागद अडले. मला प्रश्न पडायचा, की हजार जणांचं हे बोलणं बाहेरच्याला वाचता येत नाही, ते कसं?

1976 मध्ये डिफी आणि हेलमन यांनी दाखवलं, की दोन माणसं सगळ्यांदेखत आकड्यांची देवाणघेवाण करूनही आपल्यापुरती गुप्त चावी ठरवू शकतात. पण दोघांचं जमलं म्हणजे गर्दीचं जमतंच असं नाही. 1982 मध्ये इन्गेमारसन, तांग आणि वाँग यांनी वर्तुळ सुचवलं. शेजाऱ्याकडून आलेल्या आकड्यात आपलं गुपित मिसळायचं आणि पुढे द्यायचं. पाच जणांना चार फेऱ्या लागतात, हजारांना 999. मध्येच एकाचा फोन बंद पडला, की सगळे अडकले.

त्याहून मोठी अडचण माणूस निघून गेल्यावर येते. भाडेकरू गेला की कुलूप बदलावं लागतं, तशी इथे सगळ्यांची चावी बदलावी लागते. या वसाहतीत सुमारे 17 हजार घरं आहेत. प्रत्येक घराला नवी चावी वेगळी पाठवायची, तर 17 हजार निरोप.

1998 मध्ये वाँग, गौडा आणि लॅम यांनी झाडाची युक्ती मांडली. ती मला माहुलच्या इमारतींवरूनच समजली. समजा, प्रत्येकाकडे आपल्या खोलीची, मजल्याची, इमारतीची आणि वसाहतीची अशा चाव्या आहेत. एक जण गेला, तर फक्त त्याच्या वाटेवरच्या चाव्या बदलायच्या. बाकी इमारतींना वसाहतीची नवी चावी त्यांच्या जुन्या इमारत-चावीत बंद करून एकदाच पाठवायची. प्रत्येक फांदीला दोनच फाटे ठेवले, तर 17 हजार घरांचं झाड 15 पायऱ्यांचं होतं आणि काम सुमारे 30 निरोपांत उरकतं.

या युक्तीत चाव्या वाटणारा एक कारभारी लागायचा. 2000 मध्ये किम, पेरिग आणि त्सुडिक यांनी हेच झाड डिफी-हेलमनच्या पद्धतीने बांधलं आणि कारभारी काढून टाकला. त्याच वाटेवरची ‘एमएलएस’ ही पद्धत जुलै 2023 मध्ये इंटरनेटचं मानक झाली.

व्हॉट्सअ‍ॅपने 2016 मध्ये वेगळा मार्ग घेतला. तिथे लिहिणारा प्रत्येक जण आपली चावी बाकीच्यांना एकेकट्याने पोचवतो. कुणी ग्रुप सोडला, की सगळे आपापली चावी टाकून नवी घेतात. 1,024 जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाने लिहायचं ठरवलं, तर चाव्यांची पोच साडेदहा लाखांच्या आसपास जाते. फोन हे मुकाट्याने करतो, म्हणून आपल्याला कळत नाही.

पण 2018 मध्ये रोस्लर, माइन्का आणि श्वेंक या संशोधकांनी एका वेगळ्याच जागी बोट ठेवलं. चावी मजबूत होती, पण ग्रुपमध्ये कोण आहे याची यादी सर्व्हरच्या हातात होती. सर्व्हर ज्याच्या ताब्यात, तो नवा सदस्य घुसवू शकत होता. बाकीच्यांना सूचना दिसायची, पण मोठ्या ग्रुपमध्ये ती वाचतो कोण? त्या पाहुण्याला मग सगळे आपल्या हाताने चावी देणार.

हे वाचलं आणि मला पुनर्वसनाच्या रांगा आठवल्या. पात्र कोण, अपात्र कोण, नाव कुठल्या पानावर. तिथेही खरं भांडण यादीवरच असतं. चावीचं गणित पन्नास वर्षांत पुष्कळ सुटलं. यादी कोण लिहितो आणि ती कोण तपासतो, हे मात्र गणिताला आपल्यासाठी ठरवता येत नाही. म्हणून ‘अमुक जण सामील झाले’ ही बारीक ओळ मी आता वाचल्याशिवाय सोडत नाही.