मुदलियार, सर आर्काट लक्ष्मणस्वामी

(१४ ऑक्टोबर १८८७–१५ एप्रिल १९७४). भारतीय प्रसूतिविज्ञ, वैद्यकीय अध्यापक व शिक्षणतज्ज्ञ. जन्म कुर्नूल (आंध्र प्रदेश) येथे. मुत्सद्दी रामस्वामी मुदलियार हे त्यांचे जुळे बंधू. वैद्यकाचे शिक्षण मद्रास (आताचे चेन्नई) येथे. १९३९ मध्ये ते मद्रास मेडिकल कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले.

रुग्णालयीन अनुभवाच्या आधारे त्यांनी लिहिलेला ‘क्लिनिकल ऑब्स्टेट्रिक्स’ (१९३८) हा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला. त्याच्या पुढील आवृत्त्यांत कृष्ण मेनन हे सहलेखक होते. १९४२ ते १९६९ अशी सलग २७ वर्षे मुदलियार मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. माध्यमिक शिक्षण आयोगाचे (१९५२-५३) ते अध्यक्ष होते. चौदाव्या जागतिक आरोग्य सभेचे (१९६१) अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

१९५९ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आरोग्य पाहणी व नियोजन समितीने, नवी प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडण्यापूर्वी असलेली सक्षम करावीत, एका केंद्रावर ४०,००० हून अधिक लोकसंख्येचा भार नसावा आणि जिल्हा रुग्णालयांत विशेषज्ञांची सेवा मिळावी, अशा शिफारशी केल्या. अवघड प्रसूतीत मातेचे प्राण वाचणे हे शस्त्रक्रिया व रक्त वेळेवर मिळण्यावर अवलंबून असते. केवळ केंद्रांची संख्या वाढवून ते साधत नाही. या दृष्टीने माता-आरोग्याच्या संदर्भात या शिफारशी विशेष महत्त्वाच्या ठरतात.

त्यांना ‘सर’ (१९४५), पद्मभूषण (१९५४) व पद्मविभूषण (१९६३) हे सन्मान लाभले.