वारसा एक, गर्दी वेगळी
२०१२ साली युनेस्कोने कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांना एकाच वेळी जागतिक वारशात घेतले. गर्दी मात्र कासला लोटली. आमच्या जयसिंगपूरहून राधानगरी कासपेक्षा कितीतरी जवळ, म्हणजे अंतर हे कारण नव्हे. कासची फुले साताऱ्याजवळ, रस्त्यालगत, सरत्या पावसात हमखास भेटतात. उलट जयसिंगपूर वसवणाऱ्या शाहू महाराजांनीच शिकारीसाठी राखलेल्या, १९५८ मध्ये अभयारण्य झालेल्या राधानगरीतल्या दाजीपूरच्या जंगलात गवा दिसेलच असे नाही, आणि ऐन पावसाळ्यात ते पर्यटकांना बंदच असते. कुणी म्हणेल, राधानगरीची जाहिरात कमी पडली. पण जाहिरातीने काय होते ते कासनेच दाखवले: फुले तुडवली गेली, रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली. म्हणून राधानगरीचा कमी आकडा मला अपयश वाटत नाही; गव्यांना ती शांतता हवीच आहे.